‘सोअर्स’: पदवीपासून संशोधनापर्यंत
अमेरिकेच्या वातावरणविज्ञानात कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी विद्यार्थी फार कमी दिसत. ही उणीव भरून काढण्यासाठी कोलोरॅडोतील बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरणीय संशोधन केंद्रात १९९६ साली ‘सोअर्स’ कार्यक्रम सुरू झाला. भौतिकशास्त्र, गणित, अभियांत्रिकी अशा शाखांचे पदवी विद्यार्थी उन्हाळी सुटीत येथे मानधनावर संशोधन करतात. एकदाच नव्हे, तर चार उन्हाळ्यांपर्यंत. संशोधनासाठी एक आणि लेखनासाठी वेगळा मार्गदर्शक मिळतो. ही दुसरी सोय विशेष मोलाची, कारण समीकरणे लीलया सोडवणारा विद्यार्थीही पहिला शोधनिबंध लिहिताना अडखळतो. उन्हाळा संपताना निबंध पूर्ण करून शास्त्रज्ञांपुढे मांडावा लागतो. २००१ मध्ये या कार्यक्रमाला मार्गदर्शनासाठीचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला.