सुट्टी द्राक्षवेलीच्या पंचांगाने

इटलीतल्या टस्कनीला जायची इच्छा हल्ली मराठी घरांतूनही ऐकू येते. सायप्रस झाडांच्या रांगा, टेकडीवरचं दगडी गाव, खाली उतारावर द्राक्षाचे मळे. व्हिसा, विमानभाडं आणि रजा यांचं गणित जमलं नाही, की कुणीतरी म्हणतं, ‘‘चला, नाशिकला जाऊन येऊ, तिथंही वायनरी आहेत.’’ हे ज्या सुरात म्हटलं जातं तो मला पटत नाही. नाशिक म्हणजे टस्कनीची स्वस्त आवृत्ती नव्हे. इथली वेल वेगळ्या रीतीनं जगते. ती रीत समजली तर कधी जायचं, कुठं राहायचं, काय पाहायचं, हे बरंचसं तिथूनच ठरतं.

टस्कनी साधारण 43 अक्षांशावर आहे, नाशिक 20 वर. इटलीत हिवाळ्यात वेल झोपते, पानं गाळते, तिची छाटणी त्या झोपेतच होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ उतरतं. आपल्याकडे वेलीला झोपवेल अशी थंडीच पडत नाही. ती मोकळी सोडली तर भर पावसातही घड धरेल, आणि ते घड केवडा-भुरी या रोगांच्या तोंडी जातील. म्हणून शेतकऱ्यानं वेलीचं वर्ष स्वतःच आखून दिलं आहे. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते. त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या पिकाचे सूक्ष्म घड तयार होतात. बाहेरून काही दिसत नाही, पण हंगामाचं नशीब तिथंच ठरतं. पाऊस ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर पेस्ट, आणि मग दिवाळीच्या सुमारास बागेत कोवळे घड दिसू लागतात. वर्षाला छाटण्या दोन, पीक एक.

फरक एवढ्यावर थांबत नाही. इटलीत द्राक्ष पिकत जातं तसा गारवा वाढत जातो. नाशिकात उलट होतं. कडाक्याच्या थंडीत मण्यात साखर भरायला लागते आणि काढणी उन्हाळ्याच्या दिशेनं सरकते. निफाडचा पारा काही पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, दुपारी मात्र लख्ख ऊन. दिवसा गोडी, रात्री आंबटपणा राखणारा गारवा, असा हा मेळ आहे. सोव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां या पांढऱ्या जाती साधारण जानेवारीपासून आधी उतरतात. शिराज, कॅबर्ने यांसारख्या लाल जाती त्यानंतर, मार्चपर्यंत. नाशिकच्या पांढऱ्या वाइनमध्ये जी तरतरी लागते तिचं मूळ मला या थंड रात्रींतच दिसतं. प्रथमच चव घेणाऱ्यानं सुरुवात तिथूनच करावी.

तेव्हा सुट्टी जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घ्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर हिरवेगार आणि धबधबे भरलेले असतात, पण बागेत फळ नसतं. नाताळ ते 31 डिसेंबरची गर्दी शक्य असेल तर टाळावी. 26 जानेवारीला जोडून सुट्टी येते खरी, पण तो दिवस ड्राय डे असतो, त्या दिवशी वाइन मिळणार नाही. 2027 सिंहस्थाचं वर्ष आहे. पर्वकाळात त्र्यंबक, पंचवटी आणि तिकडचे रस्ते भाविकांचे असतील, त्या तारखा आधी पाहून घ्याव्यात.

मुंबईहून आता समृद्धी महामार्ग थेट इगतपुरीला आणून सोडतो. जून 2025 मध्ये त्याचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटाची धास्ती उरली नाही. रेल्वेनं यायचं तर नाशिक रोडला उतरावं. एक मात्र आधी ठरवा: चव घेणारा माणूस गाडी चालवणार नाही. रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. दोन-तीन ठिकाणी घोट घोट घेत ती कधी ओलांडली जाते, हे पिणाऱ्याला कळत नाही. गाडी भाड्यानं घ्या, किंवा जिथं चव घ्यायची तिथंच मुक्काम करा.

नकाशावर वायनऱ्या एका जागी नाहीत. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा आहेत. इगतपुरी तालुक्यात सांजेगावला झाम्पा, कावनईला व्हॅलोने. दिंडोरीकडे शांदों. विंचूरला 2001 च्या राज्य धोरणातून उभं राहिलेलं वाइन पार्क. एका दिवसात हे सारं पालथं घालणारे पाहुणे बाटल्या पाहतात, बाग त्यांना दिसत नाही. एका दिवशी एकच बाजू धरावी. गंगापूरला संध्याकाळी धरणाच्या पाण्यावर ऊन उतरताना बसावं. सुलानं 2005 मध्ये इथं वाइनची टेस्टिंग रूम उघडली. वाइन चाखायला शेतावर जायचं ही सवय महाराष्ट्राला तिथून लागली. कावनईला जाणाऱ्यांनी किल्ला आणि कपिलधारा तीर्थ सोडू नये.

आणि आजी-आजोबा किंवा न पिणारी मंडळी बरोबर असतील तर एक सकाळ निफाडकडे काढा. नांदूर मध्यमेश्वर हे 2020 मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात तिथलं पाणी स्थलांतरित पक्ष्यांनी भरलेलं असतं. वाटेत दोन्ही बाजूंना खाण्याच्या द्राक्षाचे मांडव लागतात. नाशिकची खरी द्राक्षशेती हीच, वाइनची द्राक्षं तिचा लहानसा भाग. जानेवारीनंतर तिथं तोडणी, मण्यांची निवड, पेट्या भरणं, सगळं एकदम चालू असतं. ओळखीतून एखाद्या बागायतदाराला फोन करून जा, विचारल्याशिवाय बागेत शिरू नका, घडाला हात लावू नका. घडाच्या मण्यांवरची पांढुरकी लव बोटांनी पुसली गेली की त्याचा भाव उतरतो.

इथं इटलीकडून काही घेण्याजोगं आहे. तिथं 1985 पासून शेतघरात पाहुणे ठेवण्याचा कायदा आहे, आणि शेती हा मुख्य व्यवसाय राहिलाच पाहिजे ही त्यातली अट आहे. 1999 मध्ये वाइनच्या वाटा, म्हणजे गावागावांतून पाट्या लावून जोडलेले मार्ग, यांनाही कायद्यानं मान्यता मिळाली. पाहुण्याचा पैसा त्यामुळे लहान शेतकऱ्याच्या घरापर्यंत जातो. आपल्या राज्यानं 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, पण नाशिकची वाइनसहल अजून मोठ्या वायनऱ्या आणि त्यांच्या रिसॉर्टांभोवतीच फिरते. दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराच्या घरी दोन स्वच्छ खोल्या, सकाळी बाजरीची भाकरी, बागेतून फेरी आणि गावोगावी दिशादर्शक पाट्या, एवढं झालं तरी एका गारपिटीत वर्ष बुडणाऱ्या घराला दुसरा आधार मिळेल. हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

टस्कनीच्या सांजोवेझे द्राक्षाची ओढ असेल तर ती महाराष्ट्रातच, अकलूजला भागू शकते. सोलापूर जिल्ह्यातल्या फ्रातेल्ली वायनरीत इटलीचे सेच्ची बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील भागीदार म्हणून एकत्र आले, आणि तिथं सांजोवेझेची लागवड झाली. नाशिकहून मात्र ती वेगळी सहल होईल.

ज्यांचं इटलीलाच जायचं पक्कं असेल त्यांची एक सोय आहे: तिथली काढणी आपल्या गोडी छाटणीच्या दिवसांत येते, त्यामुळे फेब्रुवारीत नाशिक आणि सप्टेंबरअखेर इटली, असे दोन हंगाम एकाच वर्षात पाहता येतात. टस्कनीऐवजी वायव्येकडचा लांगे भाग मी सुचवेन. 2014 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलेल्या या टेकड्यांवर बारोलो वाइनची द्राक्षं पिकतात. मात्र ऑक्टोबरात तिथल्या आल्बा गावात पांढऱ्या ट्रफलची जत्रा भरते आणि शेतघरं भरून जातात, तेव्हा खोलीचं बुकिंग उन्हाळ्याच्या आतच करून टाकावं.