अडीच व्होल्टची चोरी

डिसेंबरातली ती रात्र बी ब्लॉकवाल्यांना आठवत असेलच. पहाटेचे सव्वातीन. फर्स्ट इयरचा एक मुलगा पोट धरून कळवळत होता. अँब्युलन्सला यायला पाऊण तास लागेल असं फोनवर कळलं, म्हणून नेहमीप्रमाणे रेक्टर सरांच्या गाडीकडे धाव. सरांनी किल्ली फिरवली. "कुँईं... कुँ... कुँ..." आणि गप्प. पुन्हा तेच. शेवटी आम्ही अकरा जणांनी गाडी मेसपासून गेटच्या उतारापर्यंत ढकलली, सरांनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, तेव्हा कुठे ती सुरू झाली. बारा मिनिटं गेली त्यात. अपेंडिक्स होतं. सकाळी ऑपरेशन झालं, मुलगा आता ठणठणीत आहे आणि पूर्वीसारखाच मेसच्या भाजीला नावं ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावून घेतलं. "तुम्ही मेकॅनिकल थर्ड इयरचे ना? काल अकरा जण होतात. पीएलमध्ये हॉस्टेलवर चार टाळकी असतात, तेव्हा कोण ढकलणार?"

काय उत्तर देणार? आयसी इंजिनच्या पेपरात ऑटो सायकल डोळे मिटून काढणारे आम्ही, पण बॉनेट कुठून उघडतं हे सरांनीच दाखवलं.

गाडी २००६ सालची, पेट्रोलची. रोग जुना. दुपारी व्यवस्थित सुरू होते, थंडीत पहाटे रडते. गॅरेजवाल्याने ऑक्टोबरात नवी बॅटरी बसवली, नोव्हेंबरात सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले. पैसे गेले, रोग तसाच. "आणि हो, अ‍ॅक्सिलरेटरची केबल सहा महिन्यांत दोनदा गेली," असं सर जाता जाता बोलले. आम्ही ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. खरं म्हणजे अर्धं उत्तर तिथेच होतं!

"गाडी सुरू होत नाही" ही एक तक्रार नसून दोन असतात, हे आधी लक्षात घ्या. एक, सेल्फ इंजिनाला नीट फिरवतच नाही. दोन, सेल्फ झकास फिरवतो पण इंजिन पकडत नाही. दुसऱ्या प्रकारात पेट्रोल नाहीतर स्पार्क. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोलच्या पंपाची दोन सेकंद गुणगुण ऐकू येते का बघायचं, प्लग काढून बघायचे, डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत नाही ना हे बघायचं. आमची केस पहिल्या प्रकारातली, त्यामुळे प्लगला हात लावायचं कारण नव्हतं. (तरी एका महाशयांनी तिन्ही प्लग काढलेच. उत्साह!)

पहिल्या प्रकारात कान वापरायचे. नुसतं "टकटकटकटक" आलं तर बहुतेक बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच "टक" होऊन शांतता असेल तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड. आमच्यासारखं दमून दमून फिरणं असेल तर मात्र संशयित अनेक: बॅटरी, सेल्फ, केबली, फार जाड ऑइल. त्यांतून निवड करायला फुकटातली टेस्ट म्हणजे हेडलाइट. अंधारात गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. बॅटरी मेली असेल किंवा सेल्फ अडकून भरमसाट करंट खात असेल तर उजेड पार मिणमिणतो. आमच्याकडे सेल्फ रडत होता, पण भिंतीवरचा उजेड जवळजवळ जसाच्या तसा! म्हणजे बॅटरीत दम आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाही. वाटेत कोणीतरी खातंय.

मग इलेक्ट्रिकल लॅबच्या मामांकडून मल्टिमीटर आणला ("संध्याकाळपर्यंत परत, नाहीतर नो ड्यूज विसरा"). बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. आता केबली. आम्ही मीटर ओहमवर टाकला आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनापर्यंतचा रेझिस्टन्स मोजला. ०.३ ओहम. नुसत्या दोन प्रोब एकमेकींना टेकवल्या तरी मीटर ०.३ च दाखवत होता. म्हणजे केबलचा शून्य. "ओके आहे," आम्ही एकमुखाने निकाल दिला आणि चहाला गेलो.

हीच ती घोडचूक. चहा पिता पिता कागदावर साधा ओहमचा नियम मांडला. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सहज शंभर अँपिअर ओढतो. वाटेत कुठे ०.०३ ओहम जरी असला तरी शंभर अँपिअरला तीन व्होल्ट गायब! बारातले तीन! आणि ०.०३ ओहम आपल्या मीटरला दिसणारच नाही, कारण त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या दहापट. एक नळी समजा. थेंब थेंब पाणी सोडलं तर अर्धवट तुंबलेली नळीही चांगलीच वाटते. तुंबलंय हे मोटर लावली की कळतं. तेव्हा केबल मोजायची ती करंट चालू असताना, आणि ओहममध्ये न मोजता व्होल्टमध्ये. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात.

परत आलो. हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला, पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. एकाने सेल्फ मारायचा, एकाने प्रोब धरायच्या, एकाने लिहायचं. एका वेळी पाच-सहा सेकंद, मग सेल्फला विश्रांती. आकडे असे आले. सेल्फ फिरताना बॅटरीच्या दोन टोकांवर ११.३ व्होल्ट. (सर्वसाधारणपणे हा आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घेतात. आमचा उलट जास्तच चांगला होता, कारण करंट पुरेसा वाहतच नव्हता.) सेल्फच्या बोल्टपासून त्याच्या बॉडीपर्यंत फक्त ८.५. पॉझिटिव्ह केबलमध्ये ०.३. राहिले २.५ व्होल्ट. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंत मीटर लावला, तर बरोबर २.५! तिथे पाव व्होल्टच्या आसपास चालतं. किर्चहॉफ साहेबांचा हिशेब पैशापैशाने जुळला. सबमिशनच्या रीडिंग्ज कधी इतक्या जुळल्या नव्हत्या, आणि इथे तर कॉपीही केली नव्हती.

आपण सगळे पॉझिटिव्हच्या लाल केबलकडे बघतो. करंटला परतही यायचं असतं हे विसरतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबर म्हणजे इन्सुलेटर. म्हणून इंजिन-गिअरबॉक्स आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते, तिला गॅरेजमध्ये अर्थिंगची पट्टी म्हणतात. ती बिघडली की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनाला बॉडीशी जोडणारं धातूचं आणखी काय असतं? अ‍ॅक्सिलरेटरची केबल! सेल्फ मारून झाल्यावर तिला हात लावला, तर चांगली गरम. दोन केबली का गेल्या हे सरांना तेव्हा कळलं आणि आम्हालाही.

आणि दुपारी का चालायची? थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो. जास्त करंट म्हणजे त्याच पट्टीत जास्त व्होल्ट खर्च. नेमकी गरज असते तेव्हाच उपासमार.

खात्रीसाठी जंप स्टार्टची एक केबल घेतली, तिचं एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, फ्यूज परत बसवला. सरांनी किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या सेकंदात सुरू! मेसच्या ओट्यावरून टाळ्या पडल्या. तुमच्या घरची गाडी रडत असेल तर ही पाच मिनिटांची टेस्ट मीटर नसतानाही होते. फक्त ठिणगी पडू शकते, म्हणून केबलचं इंजिनाकडचं टोक बॅटरीपासून लांब लावा, आणि बोटातली अंगठी काढून ठेवा.

पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली होती. जुन्या बॅटरीतलं अ‍ॅसिड वर्षानुवर्षं झिरपून बोल्टवर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली आणि अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या. काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी सोडलं (पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला लागला तर फटाके). खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने जागा धुतली, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, नवी पट्टी आवळली, वरून ग्रीस. पुन्हा टेस्ट: ०.१ व्होल्ट. पट्टी नव्या बॅटरीच्या मानाने चिल्लर पैशांत आली.

जानेवारीतल्या सर्वांत थंड पहाटे सर मुद्दाम साडेचारला खाली आले होते म्हणे. एका किल्लीत सुरू झाली.

काढलेली पट्टी इलेक्ट्रिकल लॅबमध्ये मामांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. कोणीही जा आणि ओहमवर मोजून बघा. मीटर तुम्हालाही ०.३ च दाखवेल.