समुद्रातला बांध : छोट्या तिमोरनं मोठ्या शेजाऱ्याला बोलणीला कसं बसवलं



मागच्या महिन्यात गटांच्या बैठकीत बांधाचा विषय निघाला होता. शेजारी मोठा खातेदार, माणसं त्याची, ट्रॅक्टर त्याचा. दरवर्षी नांगरट झाली की बांध थोडा आत सरकलेला दिसतो. तेव्हा एक जण म्हणाली, "ताई, कागद आमच्याकडं आहे, पण नुसत्या कागदाला घाबरतंय कोण?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आज आम्ही एक खरी हकीकत सांगणार आहोत. ती एका छोट्या देशाची आहे आणि त्याच्या समुद्रातल्या बांधाची आहे. ऐकून झाल्यावर कागदाचा उपयोग किती आणि कुठवर, हे तुम्हीच ठरवा.

या देशाचं नाव तिमोर-लेस्ते. आपण त्याला पूर्व तिमोर म्हणतो. इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधे तिमोर नावाचं बेट आहे, त्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात हा देश आहे. आकार साधारण आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढा, आणि लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास. आधी तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. ते गेल्यावर १९७५ साली इंडोनेशियानं सैन्य घुसवून देश ताब्यात घेतला. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांनी तिथं मतदान घेतलं. दर १०० पैकी ७८ जणांनी स्वातंत्र्याला मत दिलं, आणि २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. शाळा, दवाखाने, रस्ते, सगळं नव्यानं उभं करायचं होतं. मुलांचं कुपोषण हा तिथला मोठा प्रश्न. पैसा येण्याची जागा मुख्यतः एकच, समुद्राच्या तळाखालचं तेल आणि वायू.

पण त्या समुद्रात बांध कुठं आहे, हेच ठरलेलं नव्हतं.

समुद्राच्या हद्दीचा कायदा थोडक्यात समजून घेऊ. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार १९८२ साली झाला. त्यानुसार किनाऱ्यावरच्या प्रत्येक देशाला आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासे, तेल, वायू यांवर हक्क मिळतो. देश लहान की मोठा, गरीब की श्रीमंत, याचा तिथं संबंध नाही. पण तिमोर आणि ऑस्ट्रेलिया यांच्या किनाऱ्यांत ४०० सागरी मैलांपेक्षा कमी अंतर आहे. म्हणजे दोघांचे हक्क एकमेकांवर चढतात. तिमोरचं म्हणणं होतं की दोन्ही किनाऱ्यांच्या बरोबर मधून रेषा काढा. ऑस्ट्रेलियाचं म्हणणं होतं की समुद्राच्या तळाशी तिमोरच्या बाजूला एक खोल दरी आहे, तिथपर्यंतचा तळ हा आमच्याच जमिनीचा पुढचा भाग आहे, म्हणून हद्द त्या दरीपाशी. १९७२ साली ऑस्ट्रेलियानं इंडोनेशियाबरोबर जवळजवळ तशीच हद्द करून घेतली होती. तिमोरच्या समोरचा तुकडा तेवढा राहिला होता, कारण तेव्हाच्या पोर्तुगीज सरकारनं ते मान्य केलं नव्हतं.

आता बघा काय झालं. तिमोर स्वतंत्र व्हायला दोन महिने उरले होते. मार्च २००२ मध्ये ऑस्ट्रेलियानं जाहीर केलं की समुद्राच्या हद्दीचे वाद आम्ही आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढं किंवा सागरी न्यायाधिकरणापुढं नेऊ देणार नाही. असं करायला कायद्यानं परवानगी होती. म्हणजे देश जन्माला येण्याआधीच त्याच्यासाठी कोर्टाचं दार बंद झालं.

स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी, २० मे २००२ रोजी, दोन देशांत एक तात्पुरता करार झाला. हद्द नंतर ठरवू, तोवर समुद्राचा एक पट्टा सामाईक धरू आणि त्यातल्या तेलाचे ९० टक्के तिमोरला, १० टक्के ऑस्ट्रेलियाला देऊ, असं त्यात होतं. ऐकायला फार चांगलं वाटतं ना? पण खरा मोठा साठा होता 'ग्रेटर सनराइज' नावाचा वायूचा. त्याचा फक्त पाचवा भाग त्या सामाईक पट्ट्यात धरला होता, उरलेला ऑस्ट्रेलियाकडं. म्हणजे ९० टक्के म्हणता म्हणता त्या साठ्यातला तिमोरचा वाटा जेमतेम १८ टक्के भरत होता. मैत्रिणींनो, कर्जाच्या कागदावर व्याजाचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि तो कशावर लागणार ते बारीक अक्षरात असतं. हे तसंच.

तिमोरच्या नेत्यांनी तक्रार लावून धरली. २००६ साली नवा करार झाला आणि सनराइजचे निम्मे-निम्मे ठरले. पण त्याला एक अट जोडलेली होती. पुढची ५० वर्षं कोणीही हद्दीचा प्रश्न काढायचा नाही. पैशाची गरज होती, म्हणून सही झाली.

नंतर तिमोरनं आरोप केला की २००४ साली या बोलण्या चालू असताना ऑस्ट्रेलियाच्या गुप्तहेर खात्यानं राजधानी दिलीमधल्या मंत्रिमंडळाच्या कचेरीत चोरून ऐकण्याची यंत्रं बसवली होती. आपण काय मागणार, किती सोडणार, हे समोरच्याला आधीच कळत असेल तर ती बोलणी कसली?

इथून पुढं तिमोरनं एकेक पाऊल कसं टाकलं, ते नीट ऐका.

पहिलं पाऊल, २०१३ साली तिमोर त्या सागरी कायद्याच्या कराराचा सभासद झाला. तोवर तो सभासद नव्हता. सभासद झाल्याशिवाय त्यातले हक्क वापरता येत नाहीत. आपल्या गटातही नाव नोंदवलं नसेल, तर ठरावावर बोलता येत नाही.

दुसरं पाऊल, त्याच वर्षी तिमोरनं लवादाकडं दाद मागितली. चोरून ऐकून केलेला करार हा करार नव्हे, तो रद्द करा, अशी मागणी होती. त्यावर डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्यांनी कॅनबेरात तिमोरच्या वकिलाच्या कचेरीवर छापा टाकून कागद उचलले. तिमोर पंधरा दिवसांच्या आत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मार्च २०१४ मध्ये न्यायालयानं आदेश दिला की ते कागद सीलबंद ठेवा आणि तिमोर व त्याच्या वकिलांच्या बोलण्यात ढवळाढवळ करू नका. पुढं ऑस्ट्रेलियानं ते कागद परत केले. हद्दीच्या प्रश्नासाठी कोर्टाचं दार बंद होतं, पण कागदांच्या प्रश्नासाठी ते उघडं होतं. तिमोरनं तेवढ्यापुरतं ते वापरलं.

तिसरं पाऊल सगळ्यांत महत्त्वाचं. सागरी कायद्याच्या ज्या २९८ व्या कलमानं ऑस्ट्रेलियाला कोर्ट नाकारता आलं, त्याच कलमात पुढं आणखी एक तरतूद आहे. कोर्ट नको म्हणणाऱ्या देशाला, वाजवी वेळेत बोलणी मिटली नाहीत आणि दुसऱ्या बाजूनं मागणी केली, तर सामोपचाराच्या आयोगापुढं बसावंच लागतं. आयोगाचा निर्णय बंधनकारक नसतो, पण बसणं बंधनकारक असतं. करार होऊन इतकी वर्षं झाली तरी हे कोणीच वापरलं नव्हतं. ११ एप्रिल २०१६ रोजी तिमोरनं ते वापरलं. जगात पहिल्यांदाच.

आपल्याकडच्या तंटामुक्ती समितीसारखं हे समजा. समिती कोणाला शिक्षा करू शकत नाही. पण दोघांना समोरासमोर बसवते, ऐकते, मार्ग सुचवते. गावाला कळतं की कोण येतंय आणि कोण टाळतंय. इथं पाच जणांचा आयोग होता. दोघं तिमोरनं निवडलेले, दोघं ऑस्ट्रेलियानं, आणि अध्यक्ष डेन्मार्कचे एक राजदूत.

ऑस्ट्रेलियानं आधी हरकत घेतली. २००६ च्या करारात हद्दीचा विषय काढायचा नाही असं ठरलंय, म्हणून आयोगाला अधिकारच नाही, असं त्यांचं म्हणणं. सप्टेंबर २०१६ मध्ये आयोगानं ही हरकत फेटाळली.

तिमोरनं वेळही बरोबर साधली होती. त्याच वर्षी १२ जुलैला फिलिपिन्सनं चीनविरुद्धचा दक्षिण चीन समुद्राचा लवाद जिंकला होता. चीननं निकाल मानला नाही. तेव्हा चीननं कायदा पाळावा असं सांगणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाही होता. आणि ऑगस्टच्या अखेरीस हेगमध्ये तिमोरच्या आयोगाची पहिली जाहीर बैठक झाली, ती जगाला थेट दिसत होती. दुसऱ्याला नियम शिकवणाऱ्याला स्वतः पाठ फिरवणं अवघड जातं. त्याआधी मार्चमध्ये दिलीत ऑस्ट्रेलियाच्या वकिलातीसमोर हजारो लोक जमले होते. ऑस्ट्रेलियातलेही अनेक नागरिक तिमोरच्या बाजूनं बोलत होते.

पण एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. तिमोरनं फक्त भांडण केलं नाही, योग्य वेळी हात सैलही सोडला. जानेवारी २०१७ मध्ये तिमोरनं २००६ चा करार संपवत असल्याची नोटीस दिली आणि ऑस्ट्रेलियानं ते मान्य केलं. त्या बदल्यात तिमोरनं चोरून ऐकण्याबद्दलची लवादातली तक्रार मागं घेतली. मग आयोगासमोर बंद दाराआड महिनोन् महिने बोलणी झाली. तिमोरच्या बाजूनं प्रमुख होते झनाना गुज्माँव, स्वातंत्र्यलढ्यातले नेते आणि देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. ३० ऑगस्ट २०१७ रोजी समझोता ठरला. १९९९ चं मतदान ज्या तारखेला झालं होतं, तीच ही तारीख. ६ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये करारावर सह्या झाल्या.

त्यात काय मिळालं? समुद्राच्या तळाची हद्द मुख्यतः मधोमध आली, म्हणजे तिमोर म्हणत होता तशी. सनराइजचा साठा दोघांचा ठरला. वायूची पाइपलाइन तिमोरला आणली तर तिमोरला ७० टक्के, ऑस्ट्रेलियाला नेली तर तिमोरला ८० टक्के. १८ वरून ५०, आणि ५० वरून ७० किंवा ८०. यात एकही गोळी सुटली नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही अर्धंच सांगितलं असं होईल. करार झाला म्हणून वायू लगेच वर आला नाही. पाइपलाइन कुठं न्यायची, खर्च कोणी करायचा, यावर पुढंही वर्षानुवर्षं बोलणी चालू राहिली. फिलिपिन्सचं उदाहरण तर समोरच आहे. तिथं निकाल हातात आला, पण चीनची जहाजं हटली नाहीत. कायद्याला स्वतःचे पोलीस नाहीत. तरी त्या निकालानं बरोबर कोण, हे लेखी राहिलं, आणि फिलिपिन्स तो समोर ठेवू शकतो.

कधी कधी मोठा शेजारी आपणच असतो, हेही विसरायला नको. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांची हद्दीची बोलणी १९७४ पासून चालू होती. बांगलादेशचा किनारा आत वळलेला आहे, त्यामुळं दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी सरळ मध्यरेषा काढली की त्याच्या वाट्याला चिंचोळी पट्टी उरत होती. ऑक्टोबर २००९ मध्ये बांगलादेशनं भारत आणि म्यानमार दोघांविरुद्ध एकाच दिवशी सागरी कायद्याखाली दाद मागितली. ७ जुलै २०१४ रोजी लवादानं निकाल दिला. वादात होता २५,६०२ चौरस किलोमीटर समुद्र, त्यातला १९,४६७ बांगलादेशला मिळाला. भारतानं तो निकाल मानला. चाळीस वर्षांचं भांडण मिटलं, आणि दोन्हीकडच्या कोळ्यांना आपली हद्द कुठवर ते कळलं. मोठ्यानं निकाल मानला म्हणून तो लहान झाला नाही.

मग बैठकीतल्या त्या प्रश्नाचं काय? कागदाला घाबरतं कोण? आम्हाला वाटतं, तिमोरच्या हकीकतीत त्याचं उत्तर असं आहे. नुसत्या कागदाला कोणी घाबरत नाही. पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एक दार बंद झालं म्हणून घरी न जाता दुसरं कुठलं उघडं आहे ते शोधलं, आपली मागणी चारचौघांत मांडली आणि समोरच्याला मान राखून मागं यायला वाट ठेवली, तर मोठ्यालाही समोर बसावं लागतं. एकदा समोर बसला की तो आणि आपण एकाच सतरंजीवर असतो.

आणि घाईत सही करू नका. तिमोरला २००६ च्या सहीतून सुटायला अकरा वर्षं लागली.

तुमच्यापैकी कोणाचा बांधाचा वाद चालू असेल, तर येत्या बैठकीला सातबारा, फेरफार आणि मोजणीची नक्कल घेऊन या. आधी आपण मिळून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचू. पुढं कोणाकडं जायचं ते मग ठरवू.