ओल भिंतीवर, पाणी जोत्यात

पावसाळा सरला की वस्तीत रंगाचे डबे येतात. ओल भिंतीवर दिसते, म्हणून पैसाही भिंतीवरच जातो. पाणी जोत्यात मुरलेलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा पोपडे, बुरशी, नि पोरांचा खोकला. ओलसर घरात दमा बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगितलंय. घरभेटीत आम्ही आधी पाण्याची वाट शोधतो: गळका नळ, तुंबलेलं गटार, घराकडे उतरतं अंगण. फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. खालून थेंब दिसले तर ओल जमिनीतली. मग गवंड्याला गिलाव्याचा नव्हे, पाणी बाहेर काढायचा खर्च विचारा. गटार नगरपालिकेचं असेल तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च आपला नाहीच. चार घरं मिळून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.