'ओन्ली', 'फक्त' आणि 'च'

वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती अडत्याचा धनादेश पडतो, तेव्हा त्यावरील अक्षरी रकमेच्या अखेरीस 'फक्त', 'मात्र' किंवा इंग्रजी 'ओन्ली' यांपैकी एखादे अव्यय बहुधा असतेच. 'पाच हजार' या शब्दांपुढील मोकळ्या जागेत कोणी लबाडीने 'नऊशे' वाढवू नये, हा त्याचा हेतू. ते लिहिण्याची सक्ती कायद्यात नाही. परंतु परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या अठराव्या कलमान्वये आकडी व अक्षरी रकमांत तफावत पडल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जात असल्याने, अक्षरांची हद्द बंदिस्त करणे हिताचे ठरते.

या अव्ययांची कुळे मात्र निरनिराळी आहेत. 'ओन्ली' हे प्राचीन इंग्रजीतील 'एक' या अर्थाचे पद आणि 'सारखा' हा अर्थ दर्शविणारा प्रत्यय यांच्या संयोगातून सिद्ध झाले. 'फक्त' हे मूळ अरबी, त्याच्या घटनेत 'पुरे' हा भाव असून, फारसी दफ्तराच्या वाटेने ते आपल्या कागदोपत्री रुळले. 'केवळ' आणि 'मात्र' ही संस्कृताची देणगी.

परंतु बोलण्यात खरा कारभार चालवतो तो 'च', आणि त्याचे मूळ महाराष्ट्री प्राकृतातील 'च्चिअ', 'च्चेअ' या निश्चयवाचक अव्ययांत सापडते. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने 'हरिविजय' हे आज अनुपलब्ध असलेले काव्य याच प्राकृतात रचिले, हे ध्यानी घेता हा एकाक्षरी शब्द या भूमीला परका नाही.

इंग्रजीत 'ओन्ली' वाक्यात कोठे ठेवावा यावर व्याकरणकारांचा वाद चालत आला आहे. मराठीत 'मीच वाशिमला जातो' आणि 'मी वाशिमलाच जातो' यांतील भेद शाळकरी पोरालाही कळतो, आणि 'जातोच' म्हटले की मर्यादेच्या जागी निर्धार येतो. हीच सवय इंग्रजीत शिरली म्हणजे आपण 'टुडे ओन्ली' म्हणतो, ते 'आजच'चे रूपांतर होय.

तेव्हा धनादेशावर 'फक्त' अवश्य लिहावे. परंतु 'फक्त वाशिमलाच' अशी दुहेरी तटबंदी, विशेष जोर द्यावयाचा नसेल तर, टाळावी. एकाने भागते तेथे दोन अव्यये खर्चणे ही उधळपट्टी होय.