नव्या जनुकाला जागा कुठे द्यायची?

चाकणला कुणी प्लॉट बघायला आला की भावाआधी तो शेजार विचारतो. बाजूला काय आहे? वस्ती, शाळा, की प्रेस शॉप? पाचशे टनांची प्रेस बसवायची तर पाया कसा घ्यायचा आणि भिंतीपासून किती अंतर सोडायचं, हे इथला कुठलाही जाणता फोरमन सांगेल. अंदाज चुकला तरी प्रेस चालते, माल निघतो. पण काही महिन्यांनी शेजारच्या भिंतीला तडा जातो. यंत्रात खोट नसते, जागा चुकलेली असते.

जनुकोपचाराचं मोठं दुखणं नेमकं हेच आहे.

माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. त्यात प्रथिनं घडवणारी जनुकं साधारण २० हजार, आणि प्रथिनांचा मजकूर जेमतेम दीड-दोन टक्के. वाटतं, मोकळी जागा रग्गड आहे, नवं जनुक टाका कुठेही. पण ही जमीन पडीक नाही. जनुकं चालू-बंद करणारी बटणं तिच्यात दूरदूर पसरलेली आहेत. माळरान ओसाड दिसावं आणि खालून गावाची पाण्याची लाइन गेलेली असावी, तशी.

याची किंमत पहिल्यांदा मोजली ती मुलांनी. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात १९९९ साली आलँ फिशर आणि मारिना काव्हाझाना-काल्व्हो यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर उपचार सुरू केले. अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर चांगलं जनुक आत पोचवायचं आणि पेशी परत द्यायच्या. बाळं सावरली, घरी गेली. आणि २००२ मध्ये त्यांच्यातल्या एकाला ल्युकेमिया झाल्याचं जाहीर झालं. विषाणू अकराव्या गुणसूत्रावर एलएमओ२ नावाच्या जनुकाशेजारी जाऊन बसला होता, आणि त्याने सोबत आणलेल्या जोरकस बटणाने ते शांत जनुक जागं झालं होतं. पॅरिस आणि लंडनमधल्या अशाच चाचण्या मिळून २० मुलांपैकी किमान ५ जणांना ल्युकेमिया झाला. एक मूल गेलं. ज्या उपचाराने ही मुलं वाचली, त्यानेच हे घडवलं. जागा निवडणं हे स्वतंत्र शास्त्र झालं, त्यामागे या घटनेचा मोठा वाटा आहे.

आपल्यापासून हा विषय लांब नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरील उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या टी-पेशी वेगळ्या काढतात. लेंटिव्हायरस या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवं जनुक घालतात, पेशी वाढवतात, आणि पिशवीतून त्याच रुग्णाला परत देतात. परदेशी किमतीच्या साधारण दहाव्या भागात हे आपल्याकडे झालं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण ती पिशवी क्षणभर डोळ्यांसमोर आणा. आतल्या कोट्यवधी पेशींत जनुक एकच आहे, पत्ते मात्र अगणित. एका पेशीत ते दुसऱ्या गुणसूत्रावर, दुसरीत सतराव्या. कुठे बसायचं हे विषाणू ठरवतो, डॉक्टर नाही. लेंटिव्हायरसचं जोरकस बटण काढून टाकलेलं असतं आणि पक्व टी-पेशी सहसा बिघडत नाहीत, म्हणून धोका थोडा आहे. मूळ आजारापुढे तो पत्करण्यासारखाच आहे. तरी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये या जातीच्या सर्व उपचारांवर दुय्यम कर्करोगाचा इशारा छापायला लावला. ज्यांच्यापासून रक्तपेशी घडतात त्या मूळपेशींत धोका अधिक. मेंदूच्या एका आनुवंशिक आजारावरच्या लेंटिव्हायरस उपचारात ६७ मुलांपैकी ७ जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं त्याच वर्षी प्रसिद्ध झालं.

लहान मुलांचे स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरचं, सोळा कोटींचं म्हणून गाजलेलं इंजेक्शन यात धरू नका. त्यातलं जनुक बहुतांशी गुणसूत्रात शिरतच नाही, आणि ज्या चेतापेशींत ते पोचवायचं असतं, त्या विभागतही नाहीत.

मग सुरक्षित पत्ता कसा शोधायचा? पापापेट्रू आणि सादेलाँ यांच्या गटाने २०११ मध्ये आपल्या एमआयडीसीच्या अंतराच्या नियमांसारखेच नियम मांडले. कोणत्याही जनुकाच्या सुरुवातीपासून ५० हजार अक्षरं दूर, कर्करोगाशी नातं असलेल्या जनुकांपासून ३ लाख अक्षरं दूर, कुठल्याही जनुकाच्या आत नाही. आधीपासून वापरातल्या जागा या नियमांत बसत नाहीत. एकोणिसाव्या गुणसूत्रावरची एएव्हीएस१ ही जागा एका जनुकाच्या पोटातच आहे. दुसरी जागा सीसीआर५ या जनुकाची. हे जनुक निकामी असलेली माणसं एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना दाद देत नाहीत, म्हणून ती जागा रिकामी समजली गेली. पण त्यांना वेस्ट नाईल विषाणूचा त्रास जास्त होतो. २०२२ मध्ये रोगी१ आणि रोगी२ या दोन नव्या जागा टी-पेशींत आणि त्वचेच्या पेशींत तपासून पुढे आल्या. नावं ऐकून दचकू नका, आपल्या ‘रोगी’शी त्यांचा संबंध नाही.

एवढ्यावर माझं समाधान होत नाही. हे नियम ज्या संदर्भ-जीनोमवर लावले जातात, तो मोजक्या परदेशी दात्यांवरून बनलेला आहे. नंदुरबार-गडचिरोलीच्या सिकलसेल रुग्णाला उद्या मूळपेशींचा उपचार मिळेल, तेव्हा त्या जागेची खात्री त्याच्या समाजाच्या जीनोमवरही झालेली हवी. जीनोम इंडियाने १० हजार भारतीयांची माहिती जमवली आहे. ती या कामाला लावावी, ही मागणी आपण केलीच पाहिजे.

आणि ज्यांच्या घरात असा उपचार झाला आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. जनुक गुणसूत्रात बसवणाऱ्या उपचारानंतर पंधरा वर्षं लक्ष ठेवावं लागतं. माणूस ठणठणीत दिसला, पहिल्या पाळीला कामावर जाऊ लागला, तरी रक्ततपासणीची तारीख चुकवू नका, आणि फाइल जपून ठेवा.