प्रवाळाच्या टाकीचें पाणी

गेल्या जुलै महिन्यांत मी दुबईस मुलाकडे राहावयास गेलों होतों. त्याच्या दिवाणखान्यांत समुद्राच्या पाण्याची दोनशें लिटरची कांचेची टाकी आहे. तींत कांहीं मासे आणि इंडोनेशियाकडील पांच जिवंत प्रवाळें. दोन दिवसांकरितां आम्ही सारे बाहेरगांवीं निघालों, तेव्हां विजेची उधळपट्टी नको म्हणून खोली गार ठेवणारें यंत्र मीं जातां जातां बंद केलें. परत येऊन पाहतों तों उष्णतामापक ३३ अंशांवर, आणि प्रवाळें चुन्यासारखीं पांढरीं! मुलगा मला एक शब्दहि बोलला नाहीं. तेव्हां या विषयाचा अभ्यास करणें मला भागच पडलें.

प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीहि नव्हे. तो क्षुद्र प्राण्यांचा समूह आहे. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शैवालें राहतात. प्रकाशांत तीं अन्न तयार करितात व त्याचा मोठा वांटा यजमानास देतात. पाणी फार तापलें कीं शैवालांचें कार्य बिघडून विषारी द्रव्यें निर्माण होऊं लागतात, आणि प्राणी आपल्या अन्नदात्यासच बाहेर घालवितो. रंग बहुतांशीं शैवालांचा. तीं गेलीं कीं पारदर्शक शरीरांतून आंतला चुन्याचा सांगाडा दिसूं लागतो. प्रवाळ त्या क्षणीं मेलेलें नसतें, उपाशी असतें. १९९८ सालीं लक्षद्वीपचीं प्रवाळें अशींच पांढरीं पडलीं होतीं.

मग पाणी किती ऊन असावें? टाकींतील बहुतेक प्रवाळांस २४ ते २७ अंश सेंटिग्रेड मानवतें. मात्र प्रत्येक प्रवाळ आपल्या मूळ समुद्राच्या उन्हाळ्यास संवकलेलें असतें. इराणच्या आखातांतील प्रवाळें ३४ अंशांतहि तग धरतात. त्याच आखाताच्या कांठच्या घरांत इंडोनेशियाचीं प्रवाळें ३३ अंशांत मरणोन्मुख झालीं!

माझें मत असें कीं, पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवावें. २८ अंशांवरहि प्रवाळें वाढतात, हें खरें. पण वीज गेली, अथवा माझ्यासारखा काटकसरी म्हातारा घरांत आला, तर चुकीला जागाच उरत नाहीं. शिवाय ऊन पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो, आणि नेमकी तेव्हांच प्राण्यांस त्याची गरज वाढते.

पाणी निववावयाचें तें आपल्या माठाच्याच न्यायानें. पृष्ठभागावर वारा घालणारा लहानसा पंखा बसवावा. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे बाहेरची ऊब न शिरल्यास शंभर लिटर पाणी पांच-सहा अंशांनीं निवेल. वाफ गेली तरी मीठ मागें राहतें, म्हणून तूट गोड्या पाण्यानेंच भरावी. दमट हवेंत मात्र हा उपाय लंगडा पडतो; तेथें पाणी गार करणारें यंत्रच हवें. उष्णतामापकावरहि आंधळा विश्वास नको. वितळत्या बर्फाच्या चुऱ्यांत तो धरावा आणि शून्य दाखवितो कीं नाहीं तें पाहावें.

मुलानें पाणी एकदम गार केलें नाहीं. हळूहळू २६ अंशांवर आणलें आणि दिवे मंद ठेविले. तीन महिन्यांनीं त्याचें पत्र आलें. दोन प्रवाळांवर पुन्हां तपकिरी छटा चढली आहे, तीन गेलीं.